हरकत असल्यास

औंढ्यात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होते, त्या काकांच्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम टाकायची म्हटली की आधी लगतच्या खातेदारांना नोटीस जायची. नोटीस तोंडीच असायची, पण तिचा थाट सरकारी. "रविवारी चहा झाल्यावर मोजणी हाय. समद्यांनी हजर राहावं. हरकत असल्यास तवाच सांगावी. मागून आलेली हरकत धरली जाणार न्हाई." लगतचे खातेदार म्हणजे आम्ही तिघी. एक काकू, दुसरी त्यांची पुण्यात नोकरी करणारी मुलगी, जी फोनवरून हजर व्हायची, आणि तिसरी मी, वरच्या दोन खोल्यांतली भाडेकरू, शिरड शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी.

मोजणी व्हायची ती हार्ड डिस्कची. ज्यांनी घरी कधी सिस्टीम टाकली असेल त्यांना ठाऊक असेल, मध्येच एक पडदा येतो. डिस्कवर एवढी एवढी जागा आहे, तिचे किती भाग करायचे आणि सिस्टीम कुठल्या भागात बसवायची, असं तो विचारतो. बहुतेक माणसं तिथं डोळे मिटून पुढचं बटण दाबतात. काका त्या पडद्यावर मुक्काम ठोकायचे. एकदा तर त्यांनी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून जेवण केलं, वामकुक्षी घेतली आणि ऊन उतरल्यावर पुन्हा त्याच पडद्यापुढं येऊन बसले. म्हणाले, घाईत घातलेला धुरा पिढ्यान्‌पिढ्या भांडायला लावतो. धुरा म्हणजे आमच्याकडं शेताचा बांध.

नोकरीत असताना काका मोजणी खात्यात होते. खांद्यावर साखळी टाकून त्यांनी अर्धा जिल्हा पायाखाली घातला होता. उंच, सडसडीत, उन्हानं रापलेले, आणि पाऊल असं मोजून टाकायचे की त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. भाजीवालीपासून किराणा दुकानापर्यंत किती पावलं झाली ते ते मनात मोजत असायचे आणि मध्ये कुणी बोललं की पुन्हा मागं जायचे. टरबूज कापायला बसले की आधी त्यावर नखानं रेघा ओढायचे. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या हातचं फळ खायचं तर दात पडंस्तोवर बसावं लागतं." पण फोडी अशा निघायच्या की कुणाच्या ताटात थोडंही कमी-जास्त नाही.

निवृत्तीनंतर मुलीनं तिचा जुना कॉम्प्युटर त्यांना दिला. बाकीचे निवृत्त लोक देवळात जातात, राजकारणावर बोलतात, गुडघ्यांना तेल लावतात. काकांना ह्या यंत्रात डिस्क सापडली, आणि डिस्क वाटता येते हे कळलं. मग काय, माणूस पुन्हा नोकरीवर रुजू झाला.

त्यांनी त्या पडद्याची सगळी भाषा आपल्या भाषेत करून घेतली होती. रिकाम्या जागेला तिथं 'अनॲलोकेटेड' म्हणतात, ते काकांच्या लेखी गायरान. फॉरमॅट म्हणजे नांगरट, आणि ती दोन तऱ्हेची असते, झटपट फॉरमॅट म्हणजे वरवरची वखरणी आणि पूर्ण फॉरमॅट म्हणजे खोल नांगरट. वाटणी करताना सिस्टीम आपल्यासाठी एक चिमूटभर तुकडा न विचारता काढून घेते. तो दिसला की काका मान डोलवायचे. म्हणायचे, हे सरकारी, ह्याला हात लावायचा न्हाई, सरकार कुठं विचारून घेतं का. मी शाळेत मुलांना कॉम्प्युटरही शिकवायचे, पण खरं सांगते, पार्टिशन म्हणजे काय हे मुलांना कळायला लागलं ते मी काकांचे शब्द उसने घेतल्यावर. शेतकऱ्यांच्या लेकरांना बांध शिकवावा लागत नाही.

डिस्कचा नकाशा ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढायचे. लांबट पट्टा, त्यात रंगीत पेन्सिलींनी भरलेले गट. पिवळ्यात सिस्टीम, त्याला ते गावठाण म्हणत. निळ्यात मुलीचा हिस्सा, त्यात तिचे कॉलेजचे प्रकल्प आणि तिच्या लग्नाचा भलामोठा व्हिडिओ. हिरव्यात काकांचा स्वतःचा. त्यात काय असायचं, तर दगडांचे फोटो. नोकरीत असताना हद्दीवर रोवलेले दगड बघायला ते अजून स्कूटरवरून जायचे. सिद्धेश्वरकडचा एखादा दगड जागेवर दिसला की त्याचा फोटो काढून आणायचे आणि लेकरू परीक्षेत पास झाल्यासारखे खूश व्हायचे. "हलला न्हाई," एवढंच सांगायचे. आणि दोन गटांच्या मध्ये प्रत्येक ठिकाणी एक पांढरी फट सोडलेली असायची.

त्या फटीची गंमत सांगायलाच हवी. एकदा कॉम्प्युटर चालूच होईना म्हणून आम्ही तो हिंगोलीला दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलानं डिस्क उघडून पाहिली आणि डोकं खाजवलं. प्रत्येक दोन पार्टिशनच्या मध्ये थोडी थोडी जागा रिकामी, ना कुणाच्या नावावर, ना कुणाच्या उपयोगाची. त्यानं विचारलं, "ये बीच बीच में किसने छोडा? पूरा वेस्ट है." काका खुर्चीवर ताठ बसले आणि म्हणाले की ती पांदण आहे. मुलगा माझ्याकडं पाहायला लागला. पांदण म्हणजे शेताशेतांतून जाणारी गाडीवाट, हे त्याला ठाऊक होतं, पण ती हार्ड डिस्कमध्ये कशाला हे कळेना. काकांनी समजावलं की शेतं एकमेकाला चिकटून मोजली की आधी बैलगाडी अडते आणि मग माणसं अडतात. त्या मुलानं भलेपणानं सांगितलं की काका, ह्यात बैलगाडी जात नाही. "आज जात न्हाई," काका म्हणाले. मुलानं वायर बदलून दिली आणि पांदण तशीच ठेवली.

माझाही एक हिस्सा होता. जांभळ्या रंगात, कोपऱ्यात, चतकोर. प्रश्नपत्रिका ठेवायला मी जागा मागितली तेव्हा काका दोन दिवस विचार करत होते. मग बैठकीत जाहीर झालं की मला कूळ म्हणून जागा देण्यात येत आहे. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, हे मला माहीत होतं. काकांनी डोळे बारीक करून बजावलं, "मॅडम, कसेल त्याची जमीन, हा कायदा ह्या कॉम्प्युटरला लागू न्हाई बरं. कूळ ठेवलं की उद्या मालकी सांगतंय, लय पाहिलं म्या." त्यानंतर मी भाडं द्यायला खाली गेले की ते मुद्दाम विचारायचे, कूळकायदा वाचून तर नाही ना राहिलात.

आणि एक गट गुलाबी होता. सगळ्यांत आधी काढलेला, गावठाणाच्याही आधी, आणि चांगला ऐसपैस. त्याला नाव दिलेलं होतं, चंद्रकला. त्यात काहीही नव्हतं. अक्षरशः एक फाइलसुद्धा नाही. सुरुवातीला मला वाटलं, असेल एखादं कीर्तनाचं किंवा गाण्यांचं फोल्डर, भरायचं राहून गेलं असेल. पण सिस्टीम नव्यानं टाकली, नवी वाटणी झाली, की चंद्रकला पुन्हा तेवढीच आणि पुन्हा रिकामी.

शेवटी मी काकूंना विचारलं. त्या चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. गॅस होता, पण भाकरी चुलीवरच. आधी त्या हसल्या, मग पदरानं कपाळ पुसलं. म्हणाल्या, "ते माझं नाव हाय, पोरी. माहेरी, नरसीला, लहानपणी व्हतं. लग्नात ह्यांच्या आईनं बदललं. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं न्हाई." मग त्यात काही ठेवत का नाही, असं मी विचारलं. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि ते ह्यांचं खूळ आहे, चालू द्या, म्हणून विषय संपवला. मोजणीच्या बैठकीतही त्या अशाच असायच्या. मेथी निवडत नाहीतर शेंगा सोलत एका कडेला बसायच्या. काका नकाशा वाचून दाखवायचे आणि प्रत्येक खातेदाराला विचारायचे. मुलगी फोनवरून काहीतरी कुरकुर करायची, मी उगाच थोडं भांडायचे, कारण कुणीच भांडलं नाही की काकांचा चेहरा पडायचा. काकूंची पाळी आली की त्या वर न बघता म्हणायच्या, "माझी काही हरकत न्हाई." काका ते ऐकून क्षणभर थांबायचे आणि मग पेन्सिल उचलायचे.

हे असंच चाललं असतं. पण जुनी डिस्क खरखरायला लागली. शिवाय जुन्या सिस्टीमला आता नवे अपडेट मिळणार नाहीत, असा निरोप पडद्यावर रोज झळकायला लागला. मुलीनं पुण्याहून नवी डिस्क पाठवली. ही नव्या तऱ्हेची, आत काही न फिरणारी, हातावर ठेवली तर बिस्किटाएवढी. धावायला पहिलीच्या दसपट, पण जागा निम्मी. काकांनी ती उलटीपालटी करून पाहिली. म्हणाले, जमीन काळीभोर हाय, पण घरातल्या समद्यांची निम्म्यात मावायची कशी.

त्यात नवी सिस्टीम जुनीपेक्षा खादाड. काकांनी आठ-दहा कॅलेंडरं खर्ची घातली. पांदणी इतक्या अरुंद केल्या की मुंगीसुद्धा अडली असती, तरी हिशेब जुळेना. मी वरून खाली आले की ते पट्टी-पेन्सिल घेऊन बसलेले, आणि कपाळावर आठी. मला वाईट वाटलं, आणि मला जे समोर दिसत होतं ते मी सांगितलं. एवढा मोठा गुलाबी गट रिकामा पडलाय. त्यातला बराचसा सिस्टीमला द्या, काकूंच्या नावाला एक पट्टी ठेवा, सगळं सुटेल. कुणालाही हेच सुचलं असतं.

काकांनी कॅलेंडर गुंडाळून ठेवलं. त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. स्कूटर काढून दगड बघायलाही गेले नाहीत. काकू मला हळूच विचारून गेल्या की तू ह्यांना काय बोललीस, जेवण सोडून राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले तर काका ओट्यावर एकटेच बसले होते. काकू नागनाथाच्या दर्शनाला गेल्या होत्या. काकांनी मला बसायला सांगितलं.

"मॅडम, हिचे वडील वारले तवाची गोष्ट हाय," ते म्हणाले. "दोघं मेव्हणे मह्याकडं आले. दाजी, तुमी घरचेच मोजणीवाले, बाहेरचा माणूस काहून बोलवायचा. म्या गेलो नरसीला. जमिनीचे दोन तुकडे केले. इकडची ओंजळभर माती तिकडं जाऊ दिली न्हाई. समदे म्हणले, वा, काय मोजणी. ही धुऱ्यावर उभी व्हती. भावानं हक्कसोडीचा कागद पुढं केला तवा हिनं मह्याकडं पाहिलं. म्या साखळी गुंडाळून राहिलो व्हतो. मंग ही म्हणली, माझी काही हरकत न्हाई."

माहेरचं दार उघडं राहावं म्हणून हक्कसोड करणाऱ्या बाया आपल्याकडं घरोघरी आहेत. माझ्या आईनंही केली आहे. साडी-चोळी मिळते, दिवाळीला बोलावणं येतं, आणि विषय संपतो. काकांचा संपला नव्हता.

"वारस तीन व्हते," काका म्हणाले. "म्या तुकडे दोन केले. समदी नोकरी झाली, येवढी चुकीची मोजणी दुसरी न्हाई."

काकूंशी हे कधी बोललात का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बोलून जमीन येती का, असं काहीसं पुटपुटले. मग म्हणाले, नकाशा तुम्ही सुचवलाय तसाच काढतो, बैठकीत वाचणार, नियम म्हणजे नियम. पण ती नेहमीसारखी हरकत न्हाई म्हणणार आणि मला पुन्हा साखळी गुंडाळावी लागणार. मला त्या माणसाची इतकी माया आली की काय करावं कळेना. मी उठून त्यांच्यासाठी चहा करून आणला, आणि तो त्यांनी थंड होऊ दिला.

रविवारी बैठक बसली. फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यात मुलगी. काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. काकांनी चष्मा लावून नवा नकाशा वाचायला घेतला. गावठाण एवढं, मुलीचं एवढं, कुळाचं एवढं. मग थोडं थांबून, खाली बघत, "चंद्रकला गटातून तीन हिस्से गावठाणाकडं वर्ग. उरलेला एक हिस्सा कायम." एवढं वाचलं. मुलीला विचारलं, तिची हरकत नव्हती. मला विचारलं, हरकत नाही असं मी म्हणून गेले आणि मग मलाच कसंतरी झालं. काकांनी पेन्सिल हातात घेतली आणि काकूंकडं न बघताच विचारलं, "हरकत?"

"हाय," काकू म्हणाल्या.

काकांना ते ऐकूच गेलं नसावं. पेन्सिल कागदावर टेकलीसुद्धा.

"हाय म्हणले म्या. हरकत हाय."

शेंगा सोलणं थांबलं होतं. फोनमधून मुलीचा आवाज आला, "अगं आई, पण तुझा ड्राइव्ह तर रिकामाच आहे ना." काकूंनी तांब्याकडं पाहून उत्तर दिलं, जणू मुलगी तांब्यातच बसली होती.

"रिकामा हाय म्हणून दुसऱ्याचा व्हतो का? एकडाव हरकत न्हाई म्हणून पाहिलं म्या. आता हाय म्हणून पाहते."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मोजणीत हरकत आली की काय करायचं असतं ते त्यांना माहीत होतं, पण स्वतःच्या घरी ती वेळ कधी आलीच नव्हती. "हरकत नोंदवली," ते म्हणाले. "मोजणी तहकूब." मग उठले, अंगणात गेले आणि रांजणातलं पाणी घेऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. काकू पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. त्यांचा चेहरा खोडी काढलेल्या पोरीसारखा झाला होता. आत आल्यावर काकांनी स्वतः चहा ठेवला. तो फार गोड झाला होता, पण सगळ्यांनी संपवला.

तहकूब मोजणी पुढच्या रविवारी झाली. नव्या नकाशात गुलाबी गट पुन्हा ऐसपैस होता, निम्म्या जमिनीतही. निळा थोडा आकसला होता, जांभळा होता, अरुंद पांदणीही होत्या. पण हिरवा रंग कुठं दिसेना. काकांनी स्वतःचा हिस्साच काढून टाकला होता. मग तुमचे दगड कुठं राहणार, असं मी विचारलं. त्यांनी घसा खाकरला आणि काकूंकडं वळून अगदी सरकारी सुरात विनंती केली की खातेदार चंद्रकलाबाई यांनी अर्जदारास आपल्या गटात कूळ म्हणून थोडी जागा द्यावी.

लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या घरात काकूंना त्या नावानं पहिल्यांदाच कुणी हाक मारली होती. काकूंनी पदर सावरला. थोडा विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "कूळ ठेवलं की उद्या मालकी सांगाल. तुमीच म्हणता."

काका हसले ते थेट ठसका लागेपर्यंत. फोनमधली मुलगी हसली, मी हसले. दगडांचे फोटो एका पेन ड्राइव्हमध्ये गेले आणि तो स्कूटरच्या किल्लीशेजारी खिळ्याला लटकला. त्या दुपारी नवी सिस्टीम बसली. त्या पडद्यावर काका जेमतेम पाच मिनिटं थांबले असतील.

पुढं माझी हिंगोलीला बदली झाली. मी सामान हलवलं, जांभळ्या गटातल्या प्रश्नपत्रिका घेतल्या, आणि काकांनी कुळानं स्वखुशीनं ताबा सोडल्याचं जाहीर केलं. तरी सुट्टीत मी औंढ्याला जाते. मागच्या खेपेला गेले तेव्हा काका कॉम्प्युटरवर कुठल्याशा दगडाचा फोटो मोठा करून बघत होते, पेन ड्राइव्ह लावून, पाहुण्यासारखे. काकू ओले हात पुसत आतून आल्या आणि त्यांच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दाखवा बरं माझी प्रॉपर्टी."

हे त्यांचं आता रोजचंच होतं म्हणे. काकांनी मुकाट्यानं दगड बाजूला सारला, चंद्रकलावर माउसचं उजवं बटण दाबलं आणि खाली जिथं 'प्रॉपर्टीज' लिहिलेलं असतं तिथं टिचकी मारली. पडद्यावर एक गोल आला. वापरलेली जागा दाखवणारा रंग त्यात नावालाही नव्हता, सगळा गोल मोकळा. काकू वाकून बघत राहिल्या, शेतकरी धुऱ्यावर उभा राहून बघतो तशा.

"बराबर हाय?" त्यांनी विचारलं.

"बराबर हाय," काका म्हणाले. "हललेला न्हाई."

आता त्यात काय ठेवणार, काकू, असं मी विचारलं. त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि चुलीकडं जाता जाता म्हणाल्या, "काहून ठेवू? माझी हाय. पडीक ठेवीन."